विहिरीत तपासलेली समुद्राची यंत्रं

शालन वहिनींचा फोन मला फक्त एकाच कारणासाठी यायचा. आमची नाव पाण्यात असली आणि त्यांच्या मोबाइलवरचा आमचा ठिपका बराच वेळ हलला नाही, की त्या आधी हणमंताला फोन लावायच्या आणि त्यानं उचलला नाही की मला. त्यामुळं दीड महिन्यापूर्वी सकाळी दुकानाचं शटर वर करताना त्यांचं नाव दिसलं तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका, आम्ही किनाऱ्यावरच आहोत." त्या म्हणाल्या, "तुमी हायसा भावजी. ह्ये गेलं." चहाचा कप घेऊन हणमंत गच्चीवर गेला होता. चहा संपवला, कप कठड्यावर ठेवला आणि बसल्या जागी मान टाकली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्रेसष्ट हे काही जायचं वय नाही, पण त्याला हे सांगणार कोण? कुणाचं ऐकून तो कधी कुठं गेला नव्हता आणि कुणाचं ऐकून थांबलाही नव्हता.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हणमंत मूळचा माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहानपणी त्यानं एका जागी पाहिलेलं सगळ्यात जास्त पाणी म्हणजे गावाबाहेरचा पाझर तलाव, तोही श्रावणापर्यंत वाट बघायला लावणारा. त्याच्या भागातली पोरं फौजेत जातात, तसा तोही भरतीला गेला आणि निघाला नौदलात. तिथं पंधरा वर्षं रडार आणि रेडिओ दुरुस्त केले. नोकरी संपवून आला तो कोरेगावला स्थिरावला, कारण वहिनींचं माहेर तिथलं. बाजारपेठेत टीव्ही, इन्व्हर्टर आणि पुढं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. चांगलं चाललं होतं. मग एकदा लग्नाला म्हणून गोव्याकडं गेला आणि येताना शिडाची नाव घेऊन आला. म्हणजे नाव तिकडंच होती, आला तो नुसता कागद घेऊन, पण वहिनींच्या दृष्टीनं सवत घरात आली ती त्याच दिवशी.

माझी त्याची गाठ पडली ती सांगलीत, माझ्या पंप आणि मोटारींच्या दुकानात. उंच, रापलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला माणूस काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "बॅटरीवर चालणारा बारका पंप पायजे. पानी साठलं की आपला आपुन सुरू झाला पायजे." मी विचारलं, "विहीर किती फुटांची?" "हीर न्हाई, नाव हाय." "कृष्णेत?" "न्हाई, दर्यात." "आणि तुम्ही कुठले?" "कोरेगावचा." मी त्याच्याकडं नीट बघितलं. माणूस शुद्धीत दिसत होता. "कोरेगावला समुद्र कधी आला हो?" असं मी विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "आला न्हाई म्हणून तर मी जातुया." पंप बसवायला मदत करतो म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. पाटणवरून, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आणि तिथून दाभोळच्या खाडीवर, गोव्याहून नाव तिथं आणून ठेवली होती. गेलो तो गिऱ्हाईक सांभाळायला आणि आलो तो निम्मा भागीदार होऊन. आमच्या जैन घराण्यात सात पिढ्यांत कुणी खारं पाणी ओलांडलं नसेल. माझी आई तर म्हणाली, "भूपाल, तुला कृष्णा पुरत नव्हती का?"

नाव सव्वीस फुटी, फायबरची, गोव्यातल्या कुणा हौशी माणसानं हौस फिटल्यावर सोडून दिलेली. तिच्यात दिशा दाखवणारं म्हणाल तर द्रवात तरंगणाऱ्या तबकडीचं एक जुनं होकायंत्र होतं, बस्स. बाकी सगळं घ्यायचं होतं आणि ते काय घ्यायचं यावरून आमची पहिली दोन वर्षं गेली. पण त्या यंत्रांच्या मागं खरं काय होतं ते मला लवकरच कळलं. हणमंताची एकच इच्छा होती, शालन वहिनींनी एकदा त्या नावेत बसावं. एकदाच. आणि वहिनी ठाम नाही म्हणत होत्या. त्यांचं कारण मी त्यांच्याच अंगणात ऐकलं. "पंधरा वर्सं तुमी दर्यावर. आज मुंबई, उद्या इशाखापट्टन, परवा कुटं त्येचा पत्ता न्हाई. म्या मानूस कुटं हाय त्येच ठावं नसताना पंधरा वर्सं काढली. आता पुन्यांदा त्याच पान्यात जानार, आनि वर मला बी चल म्हनताय?" त्या दिवसापासून हणमंतानं यंत्रांचा विषय असा हातात घेतला की जणू वहिनींच्या प्रत्येक वाक्याला एकेक यंत्र उत्तर म्हणून बसवायचं होतं.

माझा स्वभाव दुकानदाराचा. ज्याची पेटी मोठी ते यंत्र चांगलं, असा माझा साधा हिशोब. मी कॅटलॉगवर कॅटलॉग आणायचो. हा बघ केवढा पडदा, बोटानं सरकवायचा, यात रडार दिसतं, मासे दिसतात, गाणीसुद्धा लागतात! हणमंत ती पुस्तिका उलटी धरायचा. म्हणजे शेवटच्या पानापासून वाचायचा, कारण यंत्र चालेनासं झालं तर काय करायचं ते मागच्या पानांवर लिहिलेलं असतं. तिथं जर नुसतं "विक्रेत्याशी संपर्क साधा" एवढंच असलं तर ते यंत्र बाद. "विक्रेता काय पोहत येनार हाय व्हय रं?" दुसरा प्रश्न ठरलेला, हे करंट किती खातं. मी म्हणायचो, अरे मोठी बॅटरी घालू. तर तो आपल्या मूळ धंद्यावर यायचा. "गड्या, मेंढरं वाडवायच्या आदी चारा बगावा लागतो. न्हाईतर माळाच्या मधी सगळीच बसतात." शेवटी त्यानं घेतला तो मध्यम पडद्याचा, बटणांचा नकाशादर्शक. उपग्रहावरून आपली जागा घ्यायची आणि सागरी नकाशावर दाखवायची, एवढंच त्याचं काम. बोटानं चालणारा का नको, तर ओल्या हातानं काच दाबली की ती भलतीकडंच जाते. हे त्यानं माझ्याच दुकानात माझ्याच नव्या फोनवर पाणी शिंपडून दाखवलं. त्याशिवाय खोली मोजणारं यंत्र, सुकाणू धरणारा ऑटोपायलट, एक रेडिओ. आणि या सगळ्यांची बॅटरी गेलीच तर म्हणून साध्या सेलवर चालणारा हातातला छोटा जीपीएस, तो वहिनींच्या पापडाच्या डब्यात बंद. वर कागदी नकाशाही होता. "मग ही यंत्रं घेतोस कशाला, बैलगाडीच घे की," असं मी चिडून म्हणालो तेव्हा त्यानं मला जिलेबी खाऊ घातली. मी चिडलो की त्याला फार आनंद व्हायचा.

घेतलेलं यंत्र सरळ नावेवर जाईल तर तो हणमंत कसला! सगळ्याची तपासणी कोरेगावात. नकाशादर्शक जीपला बांधून तो साताऱ्याला जाऊन आला, पडद्यावर रस्ते नाहीत, सगळं कोरं, मधून एकट्या जीपचं चिन्ह चाललंय. वाऱ्याचा वेग सांगणारी पंख्याची काठी गच्चीवर उभी राहिली, तिच्यावर वहिनी कुरडयांच्या वाळवणाचं फडकं बांधायच्या. खोली मोजणाऱ्या यंत्राचं काय करायचं हा प्रश्न होता, तर त्याच्या मेहुण्याच्या शेतात चांगली ऐसपैस, बांधीव विहीर होती. यंत्राचा डोळा म्हणजे मुठीएवढा गोळा, तो काठीला बांधून पाण्यात सोडला आणि पडदा धरून हणमंत विहिरीच्या पायऱ्यांवर बसला. यंत्र म्हणालं बावीस फूट. मग त्यानं दोरीला दगड बांधून सोडला, दोरीला फुटाफुटावर गाठी. दोरी म्हणाली चोवीस. मी म्हणालो, झालं, यंत्र बिघडलेलं आहे, परत पाठवू. तो अर्धा तास विड्या ओढत बसला... आणि मग एकदम हसायला लागला. यंत्राचा डोळा पाण्याच्या दोन फूट खाली सोडलेला होता. तो बिचारा स्वतःच्या खालचं पाणी मोजत होता आणि आम्ही त्याला वरचंही विचारत होतो. "आपुन कुटं बसलोय त्ये यंत्राला सांगायचं ऱ्हायलं," हणमंत म्हणाला आणि दोन फुटांची दुरुस्ती त्यात भरून टाकली. नावेवरही तसंच करावं लागतं, नावेच्या तळाची पाती पाण्यात किती खोल आहे ते यंत्राला सांगावं लागतं, नाहीतर ते पाणी आहे म्हणतं आणि पाती वाळूत रुतते. एवढं सगळं झालं, पण गावात बातमी गेली ती अशी की हणमंताकडं विहिरीचं पाणी सांगणारं मशीन आलंय. त्या उन्हाळ्यात आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या अकरा विहिरी मोजल्या. प्रत्येक ठिकाणी चहा आणि एका ठिकाणी जेवणसुद्धा!

वहिनी हे सगळं बघत होत्या आणि हसत होत्या, पण नावेत बसायचं नाव निघालं की उठून आत जायच्या. तेव्हा मी एक युक्ती काढली, आणि आमच्या नावेवरचं जे यंत्र सगळ्यात जास्त गाजलं ते माझं, हणमंताचं नव्हे, हे मी इथं नोंदवून ठेवतो. ट्रकवाले गाडीला लावतात ते सिमकार्डाचं छोटं यंत्र मी दुकानातून नेऊन नावेला लावलं. किनाऱ्याजवळ मोबाइलची रेंज असते, तेव्हा गाडी कुठं आहे ते मालकाला फोनवर ठिपक्यानं दिसतं. ठिपका वहिनींच्या फोनवर लावून दिला. हणमंतानं कधी नव्हे ते माझ्या पाठीवर थाप मारली. "आता तिला कायम ठावं असंल." पहिल्याच फेरीला गुहागरच्या समोर, किनाऱ्यापासून चांगले आत असताना वहिनींचा फोन. "आवं, तुमी बाजारात काय करताय?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. झालं होतं असं, की ते यंत्र गाड्यांसाठी बनवलेलं. गाडी रस्त्यावरच असणार हे गृहीत धरून ते आम्हाला जवळच्या रस्त्यावर नेऊन ठेवायचं. दिवसभर आम्ही लाटांवर आणि वहिनींच्या लेखी गुहागरच्या पेठेत. संध्याकाळी धक्क्याला लागलो तर संदेश आला, "आपले वाहन पार्क केलेले आहे." पुढं वहिनींनी त्या ठिपक्याची भाषा शिकून घेतली. ठिपका शाळेजवळ असला की आम्ही अमुक खडकाच्या समोर, देवळाजवळ असला की जेवायला थांबलेलो. "देवळापाशी लय येळ झाला, जेवलात न्हवं?" असा फोन यायचा. आम्ही नाव चालवली त्या अकरा वर्षांत एकदाही न येता वहिनी तो सगळा किनारा आमच्यापेक्षा जास्त ओळखायला लागल्या होत्या.

आता मला माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. जयगडला जायचं पहिल्यांदा ठरलं, वीसेक मैलांचा समुद्र, आमच्यासाठी मोठी मजल. निघायच्या आदल्या दिवशी हणमंत बॅटरी बघायला बाहेर गेला तेव्हा वहिनींनी माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. घोड्याची नाल होती, जुनी, झिजलेली. नवं घर झालं की आमच्याकडं उंबऱ्याला नाल ठोकतात, तशी. "भावजी, नावेच्या उंबऱ्याला लावा. पर ह्यास्नी सांगू नगा, हसत्यात ह्ये." मी शब्द दिला. नावेला उंबरा म्हणजे केबिनची पायरी. वर लावली तर हणमंताला दिसणार, म्हणून मी ती पायरीच्या खालून, आतल्या बाजूनं लावली, चांगले चार लोखंडी स्क्रू पिळून. माझं मलाच कौतुक वाटलं. त्या पातळ फळीच्या पलीकडं हणमंतानं महिन्यापूर्वी ऑटोपायलटचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बसवलं होतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्यानं ती जागा चार दिवस शोधून ठरवली होती. नावेच्या मधोमध, सगळ्या लोखंडापासून लांब!

सकाळी निघालो. वारा मंद, किनाऱ्यावर दाट धुरकं, जमीन दिसत नव्हती. खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर हणमंतानं ऑटोपायलटला दक्षिण दिली आणि थर्मास उघडला. अर्ध्या तासानं त्याचा हात कपासकट थांबला. ऑटोपायलट म्हणत होता आपण सरळ दक्षिणेला चाललोय. नकाशादर्शकावर मात्र आमची रेघ डावीकडं, जमिनीकडं कलत होती. समोरचं जुनं तरंगतं होकायंत्रही डावीकडंच सांगत होतं. खोलीचा आकडा उतरत होता... अकरा मीटर, नऊ, आठ. आणि मग धुरक्यातून लाटा खडकावर फुटल्याचा आवाज आला, कुठून ते कळत नव्हतं. वहिनींना पुन्हा माणूस कुठं आहे ते कळणार नाही, आणि या खेपेला मीच सोबत, एवढंच माझ्या मनात येत होतं. हणमंतानं ऑटोपायलट सोडवला, सुकाणू हातात घेतलं, नाव समुद्राकडं वळवली आणि आकडा दहा, बारा, पंधरा होईपर्यंत पडद्यावरची नजर हलवली नाही. मग म्हणाला, "तिगं जनं बोलत्यात. दोगं एक सांगत्यात, एक येगळंच सांगतोय. पर येगळं बोलनाऱ्याला लगीच खोटारडा म्हनायचं न्हाई. त्येच्या शेजारी कोन बसलंय त्ये आदी बगायचं." आणि त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. खरं तर तो पायरीकडं बघत होता, मी तिथंच बसलो होतो. पण मला वाटलं, कळलं याला! आणि मी घडाघडा सगळं कबूल केलं. वहिनी, फडकं, नाल, स्क्रू, दिलेला शब्द.

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो इतका हसला की चहा सांडला. नाल काढली, हातात घेऊन नावेभर हिंडला, एक पाऊल टाकायचं, ऑटोपायलटच्या होकायंत्राचा आकडा बघायचा. अगदी पुढच्या टोकाला गेल्यावर आकडा हलेनासा झाला तेव्हा तिथल्या दोराच्या पेटीत त्यानं ती स्वतःच्या हातानं लावली. "टाकून दे की," मी म्हणालो. "येडा हायस काय? तिनं दिलीया." जयगडला दुपारी पोचलो, धुरकं विरलं होतं, आणि यंत्रांनी सांगितलेल्या जागी यंत्रांनी सांगितलेलं बंदर होतं. वहिनींना यातलं काही सांगायचं नाही असं मला बजावलं त्यानं. पण आठवड्यानं मी कोरेगावला गेलो तर हा माणूस वहिनींच्या देखत मला उगाचच समजावून सांगतोय, "भूपाल, होकायंत्राजवळ लोखंड चालत न्हाई बरं का. पितळ चालतं." वहिनी भाकरी थापत होत्या, मान वर केली नाही. पुढच्या फेरीला माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेली एक पितळी घंटी आली. कुणीच कुणाला काही विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षांचा संसार त्यांचा, तो असाच चालायचा, आणि मी मधला टपालवाला.

एवढं होऊनही वहिनी नावेत बसल्या नाहीत ते नाहीतच. दर दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की हणमंत विचारायचा, "येतीस का या खेपेला?" आणि त्या म्हणायच्या, "हितनं दिसतंय की मला." त्याचा चेहरा एक क्षण पडायचा, मग तो बॅटरीचं पाणी तपासायला निघून जायचा. माझ्यावर त्याचा राग निघायचा तो नकाशादर्शकावरून. त्या यंत्रातले मार्ग तोच भरायचा, मला बटणाला हात लावू द्यायचा नाही. "तुजं काम दोऱ्या वडायचं." अकरा वर्षं मी इमानेइतबारे दोऱ्या ओढल्या.

तो गेल्यावर नावेचं काय करायचं हा विषय निघणारच होता. पुण्यात असलेली त्यांची मुलगी म्हणाली विकून टाकू, आणि एक चांगलं कुटुंब घ्यायला तयारही झालं. मला काही बोलायचा हक्क नव्हता असं नाही, पण तो गेल्यावर त्या नावेत पाऊल टाकायचं बळ माझ्यात नव्हतं, हे खरं सांगतो. गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "विका भावजी. पर पंधरा वर्सं फौजेला दिली, अकरा ह्या सवतीला. एकदा तिचं त्वांड तरी बगू द्या." पहाटे निघालो आणि सकाळच्या भरतीला दाभोळच्या धक्क्यावर पोचलो. वहिनींनी पदर खोचला, मी दिलेलं जीवरक्षक जाकीट "ह्ये कसलं वज्जं" म्हणत घातलं, आणि पाय टाकताना माझा हात धरला नाही. बाकावर बसल्या. नाव जराशी झुलली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी बाक पकडला, पण उठल्या नाहीत.

त्यांना दाखवायचं म्हणून मी नकाशादर्शक चालू केला. पहिल्यांदाच ती बटणं माझ्या हाताखाली. मार्गांची यादी उघडली, जयगड, हर्णे, आमच्या सगळ्या खेपा. सगळ्यात तळाशी रोमन अक्षरांत लिहिलं होतं, शालन. मार्ग साठवल्याची तारीख यंत्र दाखवतं. आम्ही ते यंत्र नावेवर बसवलं त्या आठवड्यातली होती ती. त्यानं त्यात भरलेली पहिली वाट. मी मार्ग उघडला. खाडीच्या आतल्या, आडोशाच्या बाजूनं जाणारी जेमतेम दोन मैलांची रेघ, सगळीकडं पाणी पुरेसं, धक्का कुठूनही नजरेआड न होणारा. तिच्यावर तीन थांबे खुणावलेले आणि तिन्हींची नावं एकच, माघारी एक, माघारी दोन, माघारी तीन. ती घाबरली तर जिथून सुखानं परत वळता येईल अशा तीन जागा त्यानं शोधून ठेवल्या होत्या. मला वाचून दाखवता येईना. वहिनींनी चष्मा लावून स्वतःच आपलं नाव वाचलं. त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सोडा दोर."

पुढचं छोटं शीड तेवढं उघडलं. वारा हलका, पाणी ताटासारखं. पहिल्या खुणेशी यंत्र वाजलं. मी विचारलं, "वहिनी, फिरवू का माघारी?" "जाऊ द्या म्होरं." बाकावरचा एक हात सुटला होता. दुसऱ्या खुणेशी मी पुन्हा विचारलं. त्या पाण्यात बोटं बुडवून बघत होत्या, त्यांनी मला नुसता हात हलवून गप्प केलं. तिसरी खूण आली, यंत्र लांब वाजलं आणि पडद्यावरची रेघ संपली. खाडीचं तोंड तिथून समोर दिसतं, आणि तोंडापलीकडं निळं, उघडं. "आता म्होरं काय लिवलंय?" वहिनींनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही वहिनी. त्यानं इथपर्यंतच आखलंय."

त्या पडद्याकडं बघत राहिल्या. डोळे भरले होते, पण ओठ हसायला निघाले होते. "येवडीच? त्येंच्या इचारात म्या येवडीच व्हय?" मग समोर बोट केलं. "म्होरं पानी हाय की. चला."

मी मोठं शीड उभारलं. नाव कलली, त्यांनी "आगं बया" म्हणून माझा दंड धरला आणि पुढच्याच लाटेला सोडून दिला. वाळूचा पट्टा ओलांडला, आकडा वाढत गेला आणि आम्ही बाहेर पडलो. तेवढ्यात पिशवीत त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता, आई कुठं आहेस असं घाबरून विचारत होती, मलाही ऐकू येत होतं. वहिनींनी चारी दिशांना बघितलं. किनारा मागं राहिला होता, पदर वाऱ्यावर फडफडत होता. "व्हय गं, बरी हाय म्या," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कुटं हाय त्ये मला बी ठावं न्हाई. ठेव आता."